एक ठोका

१

कौशल्याने कसब्यातली ती खोली पसंत केली, तेव्हा रावसाहेबांना आश्चर्यच वाटलं होतं. रावसाहेब म्हणजे घरमालक. पुढच्या अंगाला त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान, मागे ही एकटी खोली, वर पत्रा. आळीत सकाळपासून तांबटांचे हातोडे चालू असत. आधीचे तीन भाडेकरू त्या ठणठणाटाला वैतागून पळाले होते. ही बाई मात्र उंबऱ्यात उभी राहून पाच मिनिटं नुसती ऐकत राहिली आणि मग तिने दोनच प्रश्न विचारले.

"वर कोणी राहतं?"

"कावळे," रावसाहेब म्हणाले.

"आणि खाली?"

"खाली पृथ्वी आहे. तिची अजून तक्रार आलेली नाही."

कौशल्या हसली नाही. त्याच आठवड्यात ती आणि तिचा नवरा सुदर्शन दोन ट्रंका घेऊन राहायला आले. त्यालाही आता अडीच वर्षं होऊन गेली.

तिचा दिवस ठरलेला होता. खराडीच्या एका मोठ्या ऑफिसात ती साफसफाईच्या कामाला होती. सकाळची पाळी, तीही फक्त तळमजल्यावर; वरच्या मजल्यावर पाठवायचं असेल तर काम सोडते, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुपारी दोनला सुटायचं, बस धरायची, साडेतीनला घरी. चार वाजता चहा. चारला तांबटही चहाला थांबत आणि पंधरा मिनिटं आळी गप्प होई. दिवसातली तेवढीच पंधरा मिनिटं कौशल्याला नकोशी वाटत. ती रेडिओ लावून वेळ निभावून न्यायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी रेडिओचे सेल संपले होते. तिने चहात साखर घातली, चमच्याने ढवळली, आणि ओट्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या लोखंडी पाइपातून आवाज आला.

ठक्. ठक्.

आवाज मोठा नव्हता. कोणीतरी चमच्याने, जपून, शेजाऱ्याची झोप मोडू नये अशा बेताने वाजवावं तसा होता. कौशल्याचा हात आपोआप वर गेला. चमचा पाइपाला लागायला चार बोटांचं अंतर उरलं, तेव्हा तिचं तिलाच समजलं आणि तिने तो मोरीत फेकून दिला.

पाइपात हवा असते, ती स्वतःला म्हणाली. हवा वाजते. मग तिचं पाइपाच्या बुडाशी लक्ष गेलं. तो फरशीतून खाली जमिनीत गेला होता.

२

तिची आधीची इमारत शहराबाहेर होती. चार मजली. तिला नाव होतं, पण आता ते कोणी घेत नाही. जे उरले ते नुसतं 'ती बिल्डिंग' म्हणतात. तिथे पाण्याचे हाल होते. रोज चारच्या सुमाराला टँकर यायचा, खालच्या टाकीत पाणी पडायचं, आणि तळमजल्यावरच्या सोजरबाई मोटर सुरू करायच्या. मोटर अर्धा तासच चाले, तेवढ्यात प्रत्येकाने नळ उघडून भरून घ्यायचं. हाका मारून घसा बसायचा, म्हणून सोजरबाईंनी एक युक्ती काढली. मोटर सुरू केली की त्या पाइपावर चमच्याने दोन ठोके द्यायच्या. दोन म्हणजे पाणी सोडलं. वरच्या प्रत्येक घराने एक ठोका द्यायचा. एक म्हणजे कळलं.

कोणी उत्तर दिलं नाही, तर बाई वाजवत राहायच्या, दोन-दोन, दोन-दोन, ते येईपर्यंत. आणि उत्तर आलं की हात बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या रात्रपाळीवाल्याने एकदा भांडण काढलं होतं, तेव्हापासून तो नियमच झाला. कळलं म्हटल्यावर पुन्हा वाजवायचं नाही.

सोजरबाई पंढरपूरकडच्या, साठीच्या, एकट्या. उजव्या हाताची करंगळी मोटरच्या खोलीच्या लोखंडी दारात चेमटून कायमची वाकडी झालेली. "ही माझी खूण हाय," असं करंगळी नाचवत सांगायच्या, "यमालाबी वळखू येईल." कौशल्या बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायची. सगळे त्यांना सोजरबाई म्हणत, कौशल्या मावशी म्हणायची. वर्ध्याहून पुण्यात आल्यावर तिला हक्काने रागावणारी ही एकच बाई भेटली होती.

दर गुरुवारी चार वाजता कौशल्या स्वारगेटजवळच्या एका केंद्रात जायची. तिथे सात-आठ माणसं गोल बसत. कोणी दरड कोसळलेल्या गावातलं, कोणाचं दुकान दंगलीत माणसासकट जळलेलं, कोणी त्या बिल्डिंगमधलं. सुरुची मॅडम तिथल्या समुपदेशक. बाई मनापासून चांगली होती. पण कौशल्याला कधी कधी बरं व्हायचाही कंटाळा येई. आज मागच्या आठवड्यापेक्षा कसं वाटतंय, हे दर आठवड्याला शोधून काढायचं म्हणजे काय कमी काम आहे?

"लोक विचारतात, सावरलात ना?" दरडीतून वाचलेले दशरथ एकदा म्हणाले होते. ते नेहमी दाराशेजारच्या खुर्चीवर बसत. "मी हो म्हणतो. त्यांनाही घरी जायचं असतं."

त्यावर सगळे हसले होते. त्या खोलीत हसणं तसं पुष्कळ व्हायचं, आणि खरं सांगायचं तर कौशल्या त्यासाठीच जायची.

मार्चमध्ये बिल्डिंग पडली त्याला तीन वर्षं होणार होती. सुरुची मॅडमनी कार्यक्रम ठरवला होता. "कौशल्याताई, तुम्ही बोला. एकोणीस तास ढिगाऱ्याखाली होतात, आज उभ्या आहात. लोकांना बळ मिळेल."

"बघते," कौशल्या म्हणाली होती.

३

मंगळवारी तिने नवे सेल आणले आणि रेडिओ मोठा लावला. तरी ऐकू आलं. ठक् ठक्. थोडं थांबून पुन्हा ठक् ठक्. चार वेळा. मग आळीतले हातोडे सुरू झाले आणि त्यात ते बुडून गेलं.

बुधवारी सात वेळा.

बुधवारी संध्याकाळी सुदर्शन ड्यूटीवरून आला. तो एका सोसायटीत वॉचमन होता. गळ्यातली शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून तो बसला, तेव्हा तिने त्याला सांगून टाकलं. दोन ठोक्यांचं म्हटल्यावर त्याने वळून पाइपाकडे पाहिलं. पण घाबरला नाही आणि तिला वेड्यातही काढलं नाही. एवढंच म्हणाला, "आपण रावसाहेबांना विचारू."

रावसाहेब लुंगी सावरत आले, खाली वाकले, पाइपावर टिचकी मारून पाहिली.

"हा आमच्या आजोबांच्या वेळचा. नवी लाइन आली तेव्हा खालूनच कापला, बूच मारलं. तुमचा नळ पलीकडच्या पाइपावर आहे. ह्यात पाणी नाही, हवासुद्धा नाही. निव्वळ शोभेला ठेवलाय."

"पण वाजतो," कौशल्या म्हणाली.

"कधी?"

"चारला."

"मग ठीक आहे. एक ते चार वाजला असता, तर मी हरकत घेतली असती."

ते गेल्यावर सुदर्शन हसला. तीही हसली. हसताना तिचं लक्ष पाइपाच्या बुडाशी गेलं. फरशी आणि पाइप यांच्या सांध्यात पांढरी बारीक धूळ जमली होती. सकाळीच तर तिने ओलं फडकं फिरवलं होतं.

"उद्या माझी सुट्टी आहे," सुदर्शन म्हणाला. "तू तुझ्या गुरुवारला जा. मी चारला इथेच बसतो आणि ऐकतो. मग तर झालं?"

४

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. ती कोणालाच माहीत नव्हती.

बिल्डिंग दुपारी पडली. कौशल्या भाकरी उलथत होती आणि पुढच्या क्षणी ती अंधारात पालथी पडलेली होती. उलथनं अजून हातातच होतं. पाठीवर काहीतरी जड होतं, तोंडात सिमेंट, आणि गालाला टेकलेला पाइप. किती वेळ गेला ते तिला कळत नव्हतं. मग खालून आवाज आला. ठक्. ठक्.

चार वाजले असतील, असं तिच्या मनात आलं. हसू येण्यासारखंच होतं ते. मावशी जिवंत आहे, या आनंदात तिचं रडू फुटलं, आणि हाताने रोजचं काम केलं. उलथन्याने पाइपावर एक ठोका दिला.

कळलं.

त्यानंतर खालून एकही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवानांनी तिला बाहेर काढलं. "नीचे कोई है?" एकाने विचारलं. ती म्हणाली, मावशी आहे, वाजवत होती. त्याने हात वर केला. शिट्टी वाजली. शिट्टी झाली की सगळी मशिनं बंद करायची, माणसांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा, म्हणजे खालचं काही ऐकू येतं. गर्दीच्या मागच्या टोकापर्यंत ती पोचत नव्हती, म्हणून तिथे सुदर्शन स्वतःची शिट्टी वाजवत उभा होता, आदल्या दुपारपासून. शेकडो माणसं गप्प झाली. जवानाने पाइपावर तीन ठोके दिले आणि कान लावला. काही नाही. पुन्हा दिले. काही नाही. पलीकडच्या बाजूला एक माणूस ओरडत होता. मशीन तिकडे गेलं.

सोजरबाई वाजवणार कशा? त्यांना उत्तर मिळालं होतं. कळलं, असं कौशल्याने सांगितलं होतं. आता वरच्यांना माहीत आहे, ते येतील, उगीच वाजवून शेजाऱ्यांना त्रास कशाला, अशी ती बाई. आणि जवानाच्या तीन ठोक्यांचा अर्थ त्या बिल्डिंगमध्ये कोणालाच लागला नसता.

हे सगळं कौशल्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती अँब्युलन्समध्ये होती. दार अजून उघडं होतं. हात हलवला असता तर कोणीतरी वाकून ऐकलं असतं. तिला बोलता येत होतं. पण ती इतकी दमली होती, इतकी दमली होती की तिला फक्त झोप हवी होती. तिने डोळे मिटले आणि दार लागलं.

सोजरबाईंना चौथ्या दिवशी काढलं. दवाखान्यात दोन वॉर्डबॉय बोलत होते ते तिने ऐकलं. एक म्हणाला, "म्हातारी कालपर्यंत होती म्हणे."

५

गुरुवारी ती स्वारगेटला पोचली तेव्हा चारला पाच कमी होते. रात्री तिला डोळा लागला नव्हता. खुर्चीवर बसल्यापासून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आता तिकडे वाजत असेल. परवा चार, काल सात. कोणी उत्तर देत नाही, म्हणून मावशी वाजवत राहिली आहे. तो विचार भयंकर होता, पण त्याच्याच तळाशी एक वेडा दिलासाही होता. वाजवते आहे म्हणजे अजून आहे. मी उत्तर देत नाही तोवर ती आहे.

"कौशल्याताई, कार्यक्रमाचं काय ठरवलंत?" सुरुची मॅडमनी विचारलं.

आणि कौशल्याने सांगायला सुरुवात केली. दोन ठोक्यांचा अर्थ, एका ठोक्याचा अर्थ, उलथनं, शिट्टी, अँब्युलन्सचं उघडं दार. आणि शेवटी ती झोप. सुरुची मॅडम नेहमी काहीतरी लिहीत असत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही तेव्हा नुकत्याच वर आला होतात," त्या म्हणाल्या. "त्या अवस्थेत कोणीही..."

"हो मॅडम. ते मला पाठ आहे."

दशरथ दाराजवळून उठले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच दारापासून लांब बसले होते. "माझा धाकटा भाऊ हाक मारत होता," ते म्हणाले. "मी ओरडलो, आलो. गेलो नाही." एवढंच बोलून ते तिच्यासारखेच फरशीकडे बघत राहिले.

बाहेर पडली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. ती बसला न थांबता चालतच निघाली. मंडईजवळ पेरू घेतले. सुदर्शनलाही आज सांगायचं, तिने ठरवलं.

६

सहा वाजून गेले होते. आळीत हातोडे रंगात आले होते. सुदर्शन ओट्यापाशी पाटावर बसला होता आणि त्याचा चेहरा असा उजळलेला होता की तिला आधी वाटलं, गावाकडून कोणीतरी आलंय.

"बस," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस ते खरं आहे. मी ऐकलं."

कौशल्याने पेरूंची पिशवी खाली ठेवली.

"बरोबर चारला. दोन ठोके. अगदी बाईंसारखे. मी म्हणजे, काय सांगू तुला, माझे केस उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, थांबेनाच. मग मला वाटलं, एवढं वाजवतंय तर आपण..." तो थोडा ओशाळून हसला. त्याच्या हातात चमचा होता. "मी दिलं उत्तर. एक ठोका. तसा हातच गेला गं. आणि बघ, लगेच थांबलं. त्यानंतर काही नाही. एकदम शांत. सुटलीस तू."

त्याने काहीच वाईट केलं नव्हतं. तिनेही तेव्हा केलं नव्हतं.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"कशाला?"

"उत्तर देऊन किती वेळ झाला?"

"दोन तास होतील. कौशल्या, काय झालं? अगं, कुठे निघालीस?"

ती दुकानात गेली. रावसाहेब एका घागरीला ठोके देत बसले होते.

"मला पहार द्या."

"खोली भाड्याने दिली आहे, बाई. जमीन नाही," रावसाहेब घागरीवरून नजर न काढता म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं आणि काय दिसलं कोण जाणे, मुकाट्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

७

फरशी अर्ध्या कष्टातच निघाली. कसब्यातली जमीन काळी, दमट, तीत खापराचे तुकडे सापडतात असं सगळे सांगतात. या फरशीखाली काळं काही नव्हतं. पांढरी कोरडी भुकटी होती, पिठासारखी, आणि तिचा वास खोलीभर पसरला. तो सिमेंटचा वास एकोणीस तास कौशल्याच्या नाकात होता.

"हे इथे कसं आलं?" सुदर्शन म्हणाला. ती पालथी झोपली, अगदी तेव्हाच्यासारखी, गाल पाइपाला टेकवून, आणि तिने पाइपाच्या कडेने हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेला. खाली माती लागायला हवी होती. लागली नाही. आतली हवा गार आणि शिळी होती. खांदा फरशीला टेकला तरी बोटांना तळ सापडला नाही.

हे बरोबर नाही, तिचं डोकं सांगत होतं. हात काढ. उद्या सुरुची मॅडमना फोन कर. डोक्याचं सगळं खरं होतं आणि ती खूप दमलेली होती. तरीही तिने बोटं पसरली.

"मावशी," ती म्हणाली.

आतून तिचा हात धरला गेला.

पकड गार होती, आणि बळकट होती. चार बोटं तिच्या मनगटावर मिटली. पाचवं, करंगळी, मिटता मिटेना. ते वाकडं होऊन तिच्या नाडीवर टेकून राहिलं.

कौशल्याला किंचाळायचं होतं. पण तिने हात ओढून घेतला नाही. उलट धरता येईल तेवढं घट्ट धरलं. मग अगदी हळू, खालचं काही हलेल या भीतीने, ती म्हणाली, "अहो. शिट्टी घ्या."

सुदर्शनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. खिळ्यावरची शिट्टी काढून तो अनवाणीच आळीत गेला. शिट्टी वाजली, लांब, एका दमाची. कोणीतरी "काय झालं हो?" म्हणून ओरडलं. पुन्हा शिट्टी झाली.

समोरचा हातोडा थांबला. मग पलीकडचा. मग त्याच्याही पलीकडचे, एकेक करत, आळीच्या टोकापर्यंत. एक दुचाकी बंद झाली. सगळ्यांत शेवटी रावसाहेबांचा हातोडा घागरीवर एकदा वाजला आणि थांबला.

मनगटावरची पकड किंचित सैल झाली, कोणी बोलायच्या आधी श्वास घेतं तशी.

"बोला मावशी," कौशल्या म्हणाली. "मी जागी आहे."